गवतातला लावा कॅमेऱ्यात कसा यावा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मृगाच्या सरी पडल्या की निपाणी, हुक्केरी, चिकोडी, अथणी या बाजूंनी माळावरच्या पक्ष्यांविषयी पत्रं येऊ लागतात. यंदा त्यातली बरीच पत्रं लाव्यासंबंधी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सकाळी बांधावरून जाताना अगदी पायाजवळून लावा भुर्रकन उठतो आणि चाळीस-पन्नास पावलांवर पुन्हा गवतात पडतो. तिथं जाऊन शोधलं तर काही सापडत नाही. माझ्याकडे ४०० मि.मी.ची लेन्स आहे. काय चुकतंय? (एक शिक्षक, निपाणीजवळून)

लेन्स पुरेशी आहे. चुकतंय ते त्याच्या मागे जाणं. लाव्याचा सगळा भरवसा अंगावरच्या रंगावर आणि दबून बसण्यावर असतो, त्यामुळे पाय अंगावर पडायची वेळ येईपर्यंत तो उठत नाही. आणि गवतात उतरला की उतरल्या जागी थांबत नाही. बुडख्यांमधून पळत बराच पुढं निघून जातो, म्हणून तुम्ही शोधता तिथं तो नसतो. एकाच पक्ष्याला दोन-तीनदा उठवलं तर तो दमतो, मग उठायचंच टाळतो. माळावरची मोकाट कुत्री नेमकी अशाच वेळी त्याला धरतात. उडता लावा टिपायचा म्हणून मुद्दाम गवत तुडवत जाणारे आहेत. आमचा त्याला साफ विरोध आहे, आणि त्यातून येणारा फोटोही पाठमोऱ्या, धूसर पक्ष्याचाच असतो.

लावा आपण होऊन उघड्यावर कुठं येतो, ते आधी शोधा. रात्री पाऊस पडला किंवा दाट दव पडलं की गवत ओलंचिंब होतं, पक्षी भिजतो आणि उजाडल्यावर अंग सुकवायला मोकळी जागा धरतो. बैलगाडीची चाकोरी, सोयाबीन आणि भुईमूग यांच्यामधला बांध, शेळ्या-मेंढ्यांनी खुरटून ठेवलेला पट्टा, मुरमाड उतार, या त्याच्या जागा. सूर्योदयापासून पहिला दीड तास सगळ्यात चांगला, त्याखालोखाल मावळतीआधीचा तास. आपल्याकडे जूनच्या मध्याला सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे साडेपाचला जागेवर बसलेलं असायला हवं. उजाडल्यावर चालत गेलात तर वाटेवरचे पक्षी तुम्हीच आत घालवाल.

पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. आवाज कुठून येतो त्याची खूण मनात धरा. चाकोरीच्या कडेला भुसभुशीत मातीत मूठभर आकाराचे खळगे दिसतात का ते पाहा. ती लाव्याची मातीत लोळायची जागा, आणि तिथं एखादं लहान पीस हमखास मिळतं. अशा जागेपासून ८ ते १० मीटरवर, सूर्य पाठीशी येईल असं ठाणं निवडा. पक्षी जेमतेम १८ सें.मी.चा. ४०० मि.मी.ची लेन्स आणि एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर १० मीटरवरचा लावा चौकटीच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापतो, २० मीटरवर फक्त सहावा. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर १० मीटरवरही तो पाचव्या हिश्शाएवढाच दिसेल. म्हणून अंतर कमी करायला पर्याय नाही, आणि ते पक्ष्यानं कमी करायचं असतं, आपण नव्हे.

प्रश्न : लपण (आत बसून फोटो घ्यायचा आडोसा) कसं बांधावं? बाजारातला तंबू परवडत नाही. (हुक्केरी तालुका)

त्याची गरजही नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढीच उंच बांबूची चौकट करा, त्यावर खताची नव्हे तर जुन्या तागाची गोणपाटं शिवा. खताच्या पोत्यांचं प्लास्टिक उन्हात चमकतं आणि वाऱ्यावर फडफडतं. फडफडणाऱ्या कोपऱ्याला पक्षी जेवढा बिचकतो तेवढा स्थिर ढिगाला बिचकत नाही, म्हणून चारही बाजूंचं कापड खाली दगड-मातीनं दाबून टाका आणि चौकटीला सुतळीनं ताण द्या. लेन्सची खिडकी जमिनीपासून एक फुटावर ठेवा. वर पाहायला वेगळी फट ठेवू नका. दोन फटींतून आरपार उजेड दिसला की आतली हालचाल बाहेरून कळते. मागच्या बाजूला जाड किंवा दुहेरी कापड लावा.

लपण एका दिवसात नेऊन बसू नका. पहिल्यांदा ते ठरलेल्या जागेपासून तीसेक मीटरवर ठेवा, मग एक-दोन दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं पुढं सरकवा. गुरं, मेंढ्या येत असतील त्या माळावर आधी धनगरांना सांगा, नाहीतर एक तर ते मोडेल नाहीतर त्यातला बांबू चुलीला जाईल. धनगरांशी बोलण्याचा दुसरा फायदा असा, की कुठल्या टेकाडाखाली कोण ओरडतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

आत जाताना सोबत एक माणूस न्या. तुम्ही आत बसायचं आणि त्यानं उघडपणे, न लपता, चालत निघून जायचं. माणूस गेला असं पक्ष्यांना वाटतं आणि ते लवकर निवळतात. निघायच्या वेळीही त्यालाच यायला सांगा. आत असताना वेल्क्रो उघडू नका, मोबाइल बंद ठेवा. कपडे मळकट रंगाचे असले की झालं, जंगलछाप कापड घ्यायला पैसे घालवू नका.

लपण शक्य नसेल तर चारचाकी वाटेच्या कडेला उभी करा, इंजिन बंद करा आणि काचेवर बीनबॅग (लेन्स टेकवायची धान्याची पिशवी) ठेवून बसा. लावा, तितर, चंडोल, सगळेच गाडीला माणसापेक्षा कमी घाबरतात. फक्त दार उघडलंत की खेळ संपला. बीनबॅग शिवून घ्यायची असेल तर जुन्या जीन्सचा पाय चालतो. दोन-अडीच किलो ज्वारी घाला, पण पिशवी पाऊणच भरा. गच्च भरलेल्या पिशवीवर लेन्स बसत नाही, ती घसरते. पावसाळ्यात धान्य आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग आत घाला. एकदा भिजलं तर आठवड्यात कोंब आणि कुबट वास, आणि तोच ओलावा लेन्सला लागतो.

प्रश्न : पक्षी समोर असतो, पण फोकस दर वेळी पुढच्या काडीवर बसतो. नवीन मिररलेस घेतला तरी तेच. (चिकोडी, रायबाग आणि बेळगाव शहरातून मिळून अनेक पत्रं)

या एका प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त जागा देतो, कारण गवतातले बहुतेक फोटो इथंच वाया जातात.

आधी कारण समजून घ्या. ऑटोफोकस उजेड-सावलीच्या ठळक कडा शोधतो. उन्हात चमकणारी कुसळीची काडी ही अशी कड, आणि लाव्याची पाठ तर मुळात कड दिसू नये म्हणूनच ठिपक्या-रेघांनी भरलेली. काडी जिंकणारच. पक्ष्याचा डोळा ओळखणारी नवी यंत्रणा उघड्यावरच्या पक्ष्याला उत्तम पकडते. पण डोळ्यावरून दोन काड्या जात असतील तर ती गडबडते आणि कधी गवताच्या तुऱ्यालाच डोळा समजते. म्हणून ती सुरू ठेवायची असेल तर क्षेत्र लहानात लहान ठेवा, आणि पक्षी गवतात शिरला की एकच बिंदू निवडायची सोय एका बटणावर लावून ठेवा.

फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. एकदा फोकस जुळला की अंगठा उचला आणि नुसतं टिपत राहा. काडी मध्ये आली तरी लेन्स तिच्यामागे पळत नाही.

लेन्सवर अंतर-मर्यादेची कळ असेल तर ती वापरा, पण आकडा वाचून. कित्येक लांब लेन्सवर ही मर्यादा ‘१० मीटर ते अनंत’ अशी असते. पक्षी ८ मीटरवर आला की लेन्स फोकसच घेत नाही आणि माणूस कॅमेरा बिघडला म्हणून चरफडतो. ८ मीटरवरचं ठाणं असेल तर ‘पूर्ण’ वर ठेवा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग जुना आहे. पक्षी यायच्या आधी त्याच्या वाटेवरच्या एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर हातानं फोकस लावून ठेवा. ५०० मि.मी. लेन्स, एपीएस-सी सेन्सर, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि १० मीटर अंतर, एवढ्यात स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढं-मागं जेवढं स्पष्ट येतं ते, साधारण ९-१० सें.मी. मिळते. आडवा उभा असलेला लावा एवढ्यात बसतो. तोंड तुमच्याकडे करून उभा असेल तर बसत नाही, तेव्हा डोळ्यावर फोकस ठेवा आणि शेपूट धूसर राहू द्या. एफ ८ केलंत तर खोली १२ सें.मी.पर्यंत जाते, पण मागचं गवत टोचू लागतं. आम्ही सहसा ६.३ वरच थांबतो.

आता गवताचं. लेन्सच्या तोंडाशी असलेली काडी फोटोत दिसत नाही, ती विरघळते, पण तिचा हिरवट पडदा सगळ्या चौकटीवर पसरतो आणि रंग फिके पडतात. हे गवत हातानं जमिनीलगत दाबून टाका. तुमच्या बाजूचं गवत दाबायला काही हरकत नाही. पक्ष्याच्या बाजूचं एक पातंही हलवायचं नाही. पक्ष्याच्या अगदी पुढ्यातली काडी मात्र कुठल्याही एफ-आकड्यानं जात नाही. तिथं फोकसशी झगडण्याऐवजी लेन्स वीतभर डावी-उजवीकडे सरकवा, फट मिळते. पश्चिमेचा वारा सुटलेला असेल तर गवत डोलतं आणि फट क्षणभर उघडून मिटते, तेव्हा पाच-सहा फोटोंचा झपाटा मारा, त्यातला एखादा मोकळा निघतो.

शटरचा वेग ओरडणाऱ्या नरासाठी १/१००० ठेवा. उभा दिसला तरी आवाज काढताना त्याचं सगळं अंग थरारतं. चालत्या पक्ष्यासाठीही तोच. निवांत बसलेल्याला १/५०० पुरतो. ढगाळ सकाळी यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० ते ३२०० लागेल, त्याला भिऊ नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. दिवाळीनंतर गवत वाळून पांढुरकं झालं की कॅमेरा त्या उजेडाला भुलून पक्षी काळा करतो. तेव्हा एक्स्पोजर +१/३ ते +२/३ करा. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात याची गरज सहसा पडत नाही.

आणि एक गोष्ट फोकसची वाटते पण फोकसची नसते. उन्हाळ्यात नऊनंतर काळ्या रानावरून हवा थरथरू लागते. त्या हवेतून तीस मीटरवरचा पक्षी कितीही महागड्या लेन्सनं टिपला तरी मऊच येतो. उपाय नाही. घरी जा.

प्रश्न : मोबाइलवर लाव्याचा आवाज लावला तर तो लगेच समोर येतो असं ऐकलं. त्याचं प्रमाण किती ठेवावं? (अथणी)

शून्य. आवाज ऐकून नर येतो ते कोणी तरी आपल्या हद्दीत घुसला असं समजून. खाणं सोडून तो उघड्यावर धावत येतो, आणि तिथं शिक्रा किंवा मुंगूस त्याची वाट पाहत असू शकतं. लावा धरणारे शिकारीही नेमकं हेच करतात, जाळं लावतात आणि आवाज वाजवतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार लावा पकडणं, मारणं, त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. कुठल्या माळावर रात्री-पहाटे एकाच जागेवरून न थांबता यंत्रासारखा लाव्याचा आवाज येत असेल तर तो अशा शिकाऱ्यांचा असू शकतो. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात कळवा, स्वतः जाळ्यापाशी जाऊ नका.

तुमच्या कानाचा मात्र पुरेपूर उपयोग करा. पावसाळी लाव्याचा नर दोन-दोन तुटक, धातूसारखे ठोके देतो, पहाटे आणि सांजेला जास्त. थंडीत शाळूच्या आणि हरभऱ्याच्या रानात येणारा साधा लावा तीन ठोके देतो. आणि लांबवर कोणी मोटरसायकल सुरू करून ठेवल्यासारखी घुर्रर्र येत असेल, तर ती तीन बोटांच्या लाव्याची मादी.

प्रश्न : आमच्या पडीक जमिनीत घरटं सापडलं आहे. आठ अंडी आहेत. फोटो कसे घ्यावेत? (खानापूर रस्त्यालगतच्या गावातून)

घेऊ नका. तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, म्हणून कारणंही सांगतो. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, आणि वर वाकलेलं गवत हेच त्याचं छप्पर. फोटोसाठी ते बाजूला केलं की अंड्यांवर थेट ऊन किंवा पाऊस पडतो आणि कावळ्याला वरून दिसतात. तुम्ही तुडवलेली वाट दोन दिवस तशीच राहते, कुत्रं ती हुंगत थेट घरट्यावर जातं. अंडी साधारण अडीच आठवड्यांत उबतात. पिल्लं बाहेर आल्या आल्या चालू लागतात आणि आईबरोबर निघून जातात. तेवढे दिवस त्या कोपऱ्यात गुरं सोडू नका, औत घालू नका. पिल्लं हिंडू लागल्यावर दूरच्या बांधावरून, गाडीतून, त्यांचे फोटो मिळण्याची शक्यता चांगली असते.

प्रश्न : युरोपातल्या कॉर्नक्रेक या लपणाऱ्या पक्ष्याचे सुंदर फोटो पाहिले. तो आपल्या माळावर मिळेल का? (बेळगाव)

नाही. तो युरोप आणि मध्य आशियातल्या कुरणांत वीण करतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. भारतात त्याची नोंद फारच विरळा. दिसायला लाव्याजवळचा वाटला तरी तो पाणकोंबडीच्या कुळातला. पण त्याच्याकडून आपल्याला घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिकडे यंत्रानं कडेकडेनं गोल फिरत कापणी केली की पक्षी मध्ये उरलेल्या गवतात जमा होतात आणि शेवटच्या फेरीत पिल्लं मरतात. म्हणून तिथं कुरणाच्या मध्यातून बाहेरच्या दिशेनं कापायला शेतकऱ्यांना सांगितलं जातं.

आपल्याकडे दसरा-दिवाळीला पवन्या, मारवेलचं गवत विळ्यानं कापतात, तेव्हा वेग कमी असतो. तरी चारही बाजूंनी माणसं लावून मध्यात घेरू नका. एका कडेनं सुरू करून पलीकडच्या न कापलेल्या रानाकडे सरकत जा, पक्ष्यांना निघायला वाट राहते. फोटोग्राफरनं त्या पलीकडच्या कडेला, पाच-सहा मीटर मोकळ्या पट्ट्यासमोर बसावं. कापणी पुढं सरकते तसे लावे आणि तितर पायी तो पट्टा ओलांडतात. आमच्या मते हंगामातली ही सगळ्यात चांगली संधी, आणि शेतकऱ्याशी आधी बोलल्याशिवाय ती मिळत नाही.

प्रश्न : पावसात सामानाची काळजी आणि परवानगी याबद्दल सांगा. (संकेश्वर)

एसी गाडीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर दमट हवेत लगेच धुकं धरतं. एसी बंद ठेवा, किंवा कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. धुकं पुसू नका, आपोआप जातं. घरी आल्यावर ओलं कव्हर आणि लेन्स एका बॅगेत राहू देऊ नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की बुरशी धरत नाही.

गवतात झोपून फोटो घेण्याआधी काठीनं जागा ठोका आणि नीट पाहा. आपल्या माळावर घोणस आणि फुरसं दोन्ही असतात, आणि दोन्ही हलत नाहीत. गमबूट घाला.

गायरानात जायला गावात सांगितलं तर पुरतं. राखीव जंगल असेल तर वनखात्याच्या रेंज कार्यालयातून लेखी परवानगी घ्या. निपाणी-कागल बाजूला एकच माळ दोन राज्यांत पसरलेला आहे. कर्नाटकाची परवानगी महाराष्ट्राच्या हद्दीत चालत नाही, आणि उलटही नाही. ड्रोन कुठल्याच बाजूला नको, त्याच्या आवाजानं जमिनीवरचे सगळे पक्षी दबून बसतात.

प्रश्न : फोटो मिळाला, पण कुठला लावा ते ठरवता येत नाही. काय काय टिपावं? (गोकाक)

एका सुंदर फोटोपेक्षा चार कामाचे फोटो महत्त्वाचे. छाती समोरून : काळा मोठा डाग असेल तर पावसाळी लाव्याचा नर. छातीपोटावर आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि तांबूस गळा असेल तर झुडपी लाव्याचा नर. हा थव्यानं राहतो आणि ठरलेल्या पायवाटेनं एकामागून एक पाण्याला जातो, म्हणून लपण लावायला सगळ्यात सोपा. पंख : लावा पंख झटकताना किंवा ताणताना दिसला तर तो क्षण सोडू नका. लांब पिसांवर फिकट आडव्या रेघा असतील तर साधा लावा, नसतील तर पावसाळी. डोळा : फिकट, पांढुरका दिसला तर तीन बोटांच्या लाव्याचा विचार करा. त्यांच्यात मादी मोठी आणि ठळक असते, अंडी नर उबवतो, तेव्हा रंगावरून नर-मादी ठरवताना घाई नको. शेवटी पाय. यासाठी गवत नसलेल्या चाकोरीतलाच फोटो लागतो, आणि तो मोठा करून मागचं बोट आहे की नाही ते पाहावं लागतं. मागचं बोट नसेल तर तीन बोटांचा लावा नक्की. मग पायाचा आणि चोचीचा रंग पाहा, पिवळा असेल तर पिवळ्या पायांचा, राखाडी असेल तर पट्टेरी.

फोटो आमच्याकडे पाठवताना तालुका आणि महिना लिहा. जागेचं नेमकं ठिकाण लिहू नका, आणि मोबाइलनं काढलेल्या फोटोतली जीपीएसची नोंद काढून मगच पाठवा. फासे लावणारेही फोटो पाहतात.